सरावाचा वर्ग

निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न माझ्या पाठीच लागलाय. लग्नाला जा, बँकेत जा, कुणीतरी जुनी विद्यार्थिनी भेटतेच. पाया पडते, आपल्या लेकीला पुढे करते आणि म्हणते, "बाई, हिला सांगा ना, तुम्ही शिक्षिका का झालात?" मी सांगते, "मुलांची आवड होती." लेक मान हलवते, आई खूश होते आणि मी खुर्ची शोधून बसते. गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत.

कसली आलीय डोंबलाची आवड! मला टेलिफोनमध्ये जायचं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी सेकंड क्लासमध्ये बी.एस्सी. झाले होते आणि आमच्या पंचवटीतल्या गल्लीतली एक मुलगी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली होती. ड्यूटी संपली की ती पर्स उचलायची आणि घरी यायची. घरी काही आणायची नाही. ना तपासायच्या वह्या, ना कुणाच्या आईबापाच्या तक्रारी. मला हे फार आवडलं होतं. मीही एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये नाव घातलं, टेलिफोनचा फॉर्म भरला आणि वाट बघत बसले. वडील नगरपालिकेत कारकून. ते म्हणाले, "नुसती बसून काय करणार? बी.एड. करून ठेव." आई म्हणाली, "स्थळंसुद्धा हल्ली विचारतात, बी.एड. आहे का म्हणून." म्हणजे लोणच्याची बरणी भरून ठेवावी तशी मी बी.एड. करायला गेले. लागली तर लागली.

त्या वर्षाची आठवण काढली तरी माझी मान दुखते. शास्त्र आणि गणित मिळून वीसेक सराव पाठ द्यायचे होते. एकेका पाठाचं टाचण काढायचं. टाचण म्हणजे आपण वर्गात काय बोलणार ते आदल्या दिवशी लिहून काढायचं, आणि गंमत अशी, की मुली काय उत्तर देणार तेही आपणच लिहायचं. 'अपेक्षित उत्तर' असा वेगळा रकानाच होता. मग कार्डशीटवर रंगीत चित्रं, त्यांच्याभोवती चौकट, त्यात सुबक अक्षरात नावं. तक्ता देखणा असला की आमचे प्राध्यापक निम्मे खूश. ती गुंडाळी काखेत मारून पंचवटीहून सिटी बसने निघायचं. एकदा बस चुकली म्हणून चालत निघाले, तर पुलावर वाऱ्याने माझं अख्खं पचनसंस्थेचं चित्र उडवून गोदावरीत नेलं. मी कठड्याला धरून बघत राहिले आणि खरं सांगते, मला रडूही आलं नाही. नुसतं वाटलं, आता आज झोप नाही.

हे पाठ द्यायचे ते जुन्या नाशकातल्या एका मुलींच्या शाळेत. कॉलेजचं आणि शाळेचं ठरलेलं होतं. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही शिकाऊ लोक तिथे जायचो आणि शिकाऊ न्हाव्याला डोकं मिळावं तसे आम्हाला वर्ग मिळायचे. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा आठवी ब यायची. आम्ही वर्गात शिरलो की त्यांच्या नेहमीच्या बाई सुटकेचा श्वास सोडून शिक्षक खोलीत जायच्या. त्यांना तरी काय बोलू? पुढे मीही तेच केलं, आणि मनापासून केलं.

आठवी ब मात्र सराईत झाली होती. पाचवीपासून दर वर्षी त्यांच्यावर आमच्यासारख्यांचे हात बसले होते. पाठाच्या पायऱ्या त्यांना आमच्यापेक्षा पाठ. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय, मग गृहपाठ. हेतुकथन म्हणजे "आज आपण अमुक एक शिकणार आहोत" असं वर्गाला स्पष्ट सांगायचं. ते राहिलं की मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक निरीक्षण वहीत लाल रेघ मारायचे.

जानेवारीची अखेर, माझे शेवटचे तीन-चार पाठ उरले होते. प्राणवायू शिकवायचा होता. इतके पाठ देऊनही घाबरून मी प्रस्तावनेवरून थेट प्रयोगावर उडी मारली. मागे प्राध्यापकांचं पेन वहीवर टेकलेलं मला दिसलं आणि काहीतरी चुकलंय एवढं कळलं. काय चुकलंय ते काही केल्या आठवेना. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. बारीक चणीची, नखांत माती बसलेली.

"बाई, आज आपण काय शिकणार हाय?"

मी चटकन म्हणाले, "आज आपण प्राणवायूची माहिती घेणार आहोत." पेन वहीवरून उठलं. नंतर त्या वहीत शेरा मिळाला, 'विद्यार्थिनींत जिज्ञासा निर्माण केली.'

तास संपल्यावर ती माझा तक्ता गुंडाळायला आली. "हेतुकथन राहिलं होतं तुमचं," ती हळूच म्हणाली. "सर लय मार्क कापतात त्याचे."

मला हसूही आलं आणि तोंड लपवावंसंही वाटलं. मी तिचे आभार मानले.

"बाई, मग एक विचारू? तुम्ही आम्हाला अवयव शिकवाल का?"

"गणितातले?"

"हां. आमच्या बाई म्हणतात, बी.एड.वाले शिकवतील. बी.एड.वाले म्हणतात, ते तुमच्या बाई घेतील. सहामाहीला मला गणितात शंभरात अकरा पडले." मग दोरी बांधता बांधता ती म्हणाली, "त्याचं चित्र निघत नाय ना, म्हणून कोणी घेत नाय."

पोरीने बरोबर बोट ठेवलं होतं. धडे निवडायचे आम्ही, आणि आम्ही निवडायचो ते दिसायला छान असलेले. हृदय, पाण्याचं चक्र, जास्वंदाचं फूल. जास्वंदाचं फूल त्या वर्षी आठवी ब ला चार जणींनी शिकवलं होतं. पुंकेसर कुठला आणि स्त्रीकेसर कुठला हे त्या मुली झोपेतसुद्धा सांगतील. आणि अवयव? त्या धड्याला हात लावायला एकही शिकाऊ तयार नव्हती. त्यात मीही आले. माझा विषय गणित, आणि मी भूमितीचे त्रिकोण रंगवून वेळ मारून नेत होते.

मी "बघू" म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे शाळेतल्या पोरींना चांगलं कळतं.

पण त्याच आठवड्यात आईबरोबर पंचवटीच्या भाजीबाजारात गेले, तर मेथीच्या जुड्या मांडून तीच बसलेली, आपल्या आईशेजारी. नखांतली माती कुठली ते तेव्हा कळलं. तिने आईच्या कानात काही सांगितलं, तशी तिची आई पदर सावरत उठलीच. "तुम्ही हिच्या बाई का? बरं झालं व बाई भेटल्या. पास होईल ना ही?"

"का, काय झालं?"

"हिचा बाप म्हनतो, यंदा गणितात उडाली का शाळा बंद, बाजारात बसायचं. आन पास झाली तर धावीपर्यंत कोनी उठवनार नाय. मी तसं कबूल करून घेतलंय त्याच्याकडून. देवळात नेऊन." मग पोरीकडे बघत म्हणाली, "हुशार हाय व ती. नुसतं कोनी बसून सांगत नाय."

पोरगी मेथीवर पाणी मारत होती. मान वर करत नव्हती. माझ्या आईने मला कोपराने ढोसलं, "सांग की, शिकवीन म्हणून." मी म्हणाले, "शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर थांबत जा. परीक्षेपर्यंत दर शनिवारी मी येईन."

पोरीने लगेच मान वर केली. "नक्की ना बाई?"

"नक्की."

"मग तुमचा शेवटचा पाठ कधी हाय ते सांगा. वर्गाचं मी बघते."

शेवटचा पाठ म्हणजे आमची खरी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक यायचे, आणि त्या एका तासावर वर्षभराची मेहनत टांगलेली असायची. तेव्हा तिचं ते बोलणं मला आधारासारखं वाटलं, हे मी नाकारणार नाही. बाजारातल्या गर्दीत आमचा सौदा ठरला. कोणी कागदावर लिहिला नाही, पण दोघींना नीट समजला होता.

दोन शनिवार मी गेले. शाळा सुटलेली, वर्गात खडूची धूळ, शिपाईमामा बाक सरकवून झाडताहेत, आणि आम्ही दोघी फळ्यापाशी. तक्ता नाही, चौकट नाही, अपेक्षित उत्तर नाही. मी म्हणायचे, दोन्ही पदांत सारखं काय आहे? ते बाहेर काढ, उरलेलं कंसात ठेव. पहिल्या शनिवारी तिच्या डोक्यात काही शिरेना. दुसऱ्या शनिवारी ती फळ्याकडे बघत बसली आणि एकदम म्हणाली, "म्हणजे दोन जुड्यांना दोरी एकच असंल, तर दोन्ही सोडायच्या, एकत्र करायच्या आन ती दोरी वरून एकदाच बांधायची."

"अगं, हेच तर!" मी ओरडलेच. मग तिने सहा उदाहरणं सोडवली आणि पाच बरोबर आली. मला फार आनंद झाला. त्या अख्ख्या वर्षात मला शिकवण्याचा आनंद झाला तो तेवढाच. "आता दोन वर्गांची वजाबाकी राहिली," मी म्हणाले, "ती पुढच्या शनिवारी."

मधल्या गुरुवारी माझा शेवटचा पाठ होता. मी विषय घेतला जास्वंदाचा. हो, पाचव्यांदा! मला ठाऊक होतं की वर्गाला तो पाठ आहे, म्हणूनच घेतला. इतकी दमले होते की नवं टाचण काढायची ताकदच नव्हती अंगात.

तो तास मी अजून विसरलेले नाही. मी पिशवीतून फूल काढलं आणि अख्ख्या आठवी ब ने असा चेहरा केला, की जन्मात जास्वंद पाहिलेलं नाही. "अय्या बाई, हे आत काय आहे?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "ती पिवळी पूड कसली हो?" एक जण तर मुद्दाम चुकली. मी तिला सुधारलं, तेव्हा 'हां, आत्ता कळलं' अशी मान तिने डोलावली. तिसऱ्या बाकावरून माझी भाजीवाली पोरगी नुसत्या नजरेने सगळं हलवत होती. कुठे थांबले, की तिचा हात वर. परीक्षक मागे बसून हसत होते. तास संपल्यावर ते म्हणाले, "तुमच्या वर्गात जिवंतपणा आहे. तुम्ही जातिवंत शिक्षिका आहात." त्या गटात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

घरी येऊन मी झोपले. शुक्रवारी झोपले. शनिवारी आईने दोनदा हाक मारली, "अगं, त्या पोरीकडे जायचंय ना तुला?" मी कूस बदलली. एक शनिवार गेला तर काय मोठंसं बिघडतं, असं वाटलं. मला कशाचाच उत्साह नव्हता. हात खडूने फाटले होते, घसा बसला होता, आणि पुढे लेखी परीक्षा उभी होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेय खरं.

पुढच्या शनिवारी टेलिफोनची मुलाखत निघाली. ती चुकवणं शक्यच नव्हतं. छान झाली. त्यानंतरच्या शनिवारी मात्र मला काहीही काम नव्हतं. मी घरातून निघालेही, शाळेच्या गल्लीपर्यंत पोचलेही. लांबूनच ती दिसली. फाटकाशी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती. दोन शनिवार ती अशीच बसली असणार. आता तिच्यासमोर जाऊन काय सांगायचं, या विचाराने मी कोपऱ्यावरच थांबले. तिने ओरडावं, रुसावं, असली ती पोरगी नव्हती. ती नुसती म्हणाली असती, "आलात का बाई, चला." तेच मला नको होतं. मी आल्या पावली वळले आणि दुसऱ्या गल्लीने निघून गेले. नंतर मी भाजीसुद्धा दुसऱ्या बाजूच्या बाजारातून आणायला लागले. आईने विचारलं, तर म्हणाले, तिथे ताजी मिळते.

एप्रिलच्या अखेरीस टेलिफोनचं पत्र आलं. मला घेतलं होतं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. कागदपत्रांत चारित्र्याचा दाखला हवा होता, ओळखीच्या जबाबदार माणसाच्या सहीचा. वडील म्हणाले, त्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई तुला ओळखतात, त्यांचाच घे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्या दिवशी शाळेचा निकाल आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आता वाटतं, शिकवायला निघालेल्या बाईच्या डोक्यात ते नसावं, यातच सगळं आलं.

पटांगणात मुलींचे घोळके होते. प्रगतिपुस्तकं फडफडत होती, कुणी रडत होती, कुणी उड्या मारत होती. मी पर्स छातीशी धरून ऑफिसकडे चालले होते, तोच मागून हाक आली, "बाई!"

ती धावत आली. तिच्याबरोबर तिचे वडील होते. उंच, डोक्याला टापर गुंडाळलेला माणूस, जरा दूरच उभा राहिला. प्रगतिपुस्तक त्याच्या हातात होतं. मला विचारावंच लागलं नाही.

"किती कमी पडले?" मी विचारलं.

"सात," ती म्हणाली. "जुडी बांधायचे सगळे आले बाई. ते दोन वर्गांच्या वजाबाकीचे सोडून दिले. ते आपले राहिले होते ना."

आपले राहिले होते, म्हणाली. तुम्ही आला नाहीत, असं नाही म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. थोडा जरी सापडला असता, तरी मला बरं वाटलं असतं. "मी तुझ्या वडिलांशी बोलते," मी म्हणाले. खरंच दोन पावलं पुढे गेले. त्या माणसाने हात जोडले. "नको बाई. तिनं खूप केलं. तुमीबी केलं. आता बास." तो इतक्या आदराने बोलला की मी ती दोन पावलं मागे आले.

ती मात्र अजून माझ्याकडेच बघत होती. काहीतरी विचारायचं राहिल्यासारखी.

"बाई, तुमचं झालं ना पण? पाठ पास झाला ना?"

"झाला," मी म्हणाले. "पहिला नंबर आला."

"बरं झालं!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर फुलला. वळून वडिलांना म्हणाली, "दादा, बाईंचा पहिला नंबर आला." त्या माणसानेही मान डोलावली. मग दोघं फाटकातून बाहेर पडले. बाजाराची वेळ होत आली होती.

मी ऑफिसात गेले. मोठ्या बाई निकालाच्या गडबडीत होत्या, तरी त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. शाळेचा छापील कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "तुमच्या वडिलांचा निरोप मिळाला. टेलिफोन ना? कुणाच्या नावे लिहू?"

मला टेलिफोनमध्ये जायची लाज वाटली. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. ड्यूटी संपल्यावर पर्स उचलून मोकळं होण्याइतकी मी आता मोकळी नव्हते.

"टेलिफोनसाठी नको," मी म्हणाले. "शाळांना अर्ज करणार आहे. तसं लिहा. खेड्यात मिळाली तरी चालेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, सरकारी नोकरी आहे ती! घरी विचारलंत का?"

"नाही."

"आवड आहे म्हणायची तुम्हाला," त्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी झरझर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. मी ओळ वाचली. माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक उत्तम असून त्या दिलेली जबाबदारी चोख पार पाडतात.

पुढे त्याच दाखल्यावर मला नामपूर नावाच्या खेड्यातल्या शाळेत घेतलं.